उडण्याआधीचा किलोमीटर: टॅक्सी करताना विमानांची धडक कशी टाळाल

सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडण्याच्या, आधी माझी झोप लँडिंगने उडवली होती. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) कधी करायचा, नजर कुठे ठेवायची, दिवसरात्र तेच डोक्यात. टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेणं, ही एसटी स्टँडातून बाहेर पडण्याइतकी साधी गोष्ट वाटायची. मग उड्डाणाच्या साधारण बाराव्या तासाला, एका दुपारी हँगरपाशी परत येताना, माझ्या सेसनाच्या डाव्या पंखाचं टोक एका लोखंडी शिडीला लागलं. वेग माणूस चालतो तेवढा. आवाज प्लास्टिकचा डबा दाबल्यासारखा. फायबरला बोटभर तडा गेला, विमान चार दिवस बंद राहिलं आणि मी त्याहून जास्त दिवस तोंड लपवत फिरलो.

शिडीवर निभावलं. जगातला सगळ्यात मोठा विमान अपघातही जमिनीवरच झालेला आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या लॉस रोदेओस विमानतळावर, धुक्यात, केएलएमचं जंबो उड्डाणासाठी धावत सुटलं तेव्हा पॅन ॲमचं जंबो त्याच रनवेवर टॅक्सी करत होतं. ५८३ माणसं गेली.

हा लेख नुकतंच फ्लाइंग सुरू केलेल्यांसाठी आहे. सेसना १५२ किंवा १७२ वर शिकत असाल तर बहुतेक सगळं लागू पडेल. पुढे जेटवर गेलात की काय बदलतं, तेही जिथे सुचलं तिथे सांगितलंय. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हवेत विमान थांबवता येत नाही, जमिनीवर येतं. तरी नवा वैमानिक जमिनीवर थांबायला लाजतो. एटीसीला (रेडिओवर सूचना देणाऱ्या नियंत्रकांना) काय वाटेल, मागचा काय म्हणेल, इन्स्ट्रक्टर काय बोलेल, या भीतीने तो अंदाजाने पुढे सरकतो. बऱ्याच चुका त्या सरकण्यातच होतात.

सोबत काय हवं

- विमानतळाचा ताजा नकाशा. एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या संकेतस्थळावर ईएआयपी, म्हणजे विमानतळांच्या अधिकृत माहितीचं पुस्तक, मोफत मिळतं. त्यात एरोड्रोम चार्ट असतो आणि मोठ्या विमानतळांचे ग्राउंड मूव्हमेंट व पार्किंगचे चार्टही असतात. ही माहिती २८ दिवसांच्या चक्राने बदलते, म्हणून सीनियरने दिलेली झेरॉक्स नको.
- त्या दिवसाचे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना.
- नीबोर्ड (मांडीवर बांधायची पाटी), कागद आणि दोन पेन्सिली. एक हमखास सीटखाली जाते.
- चष्मा असेल तर परवान्याच्या अटीप्रमाणे जादा चष्मा.
- एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेत) चालताना घालायचं चमकतं जॅकेट, आणि रात्री टॉर्च.
- फोन बॅगेत. टॅक्सी करताना रील काढणारे मी पाहिलेत. त्यावर वेगळं काही बोलत नाही.

१. आदल्या रात्री नकाशावर बोट फिरवा

पार्किंगपासून रनवेपर्यंतचा रस्ता बोटाने दोनदा चाला, मग परतीचा. वाटेत कोणता रनवे ओलांडायचा आहे का, हे पहिलं बघा. मुंबईला ०९/२७ आणि १४/३२ हे दोन रनवे एकमेकांना छेदतात. अशा ठिकाणी आपण नेमके कशावर उभे आहोत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. चार्टवर काही जागांना गोल करून ‘हॉट स्पॉट’ लिहिलेलं असतं. त्या जागी आधी गोंधळ झालेले असतात किंवा होण्याची शक्यता असते. त्यांवर पेन्सिलीने आणखी एक गोल करा.

टॅक्सीवेंना इंग्रजी अक्षरांची नावं असतात. त्यातून आय, ओ आणि एक्स वगळलेली असतात. पहिली दोन अंकांसारखी दिसतात, आणि एक्स म्हणजे बंद असल्याची खूण. त्यामुळे एखाद्या टॅक्सीवेवर मोठी फुली दिसली तर ते नाव समजू नका. तो रस्ता बंद आहे.

नोटॅममध्ये कोणता टॅक्सीवे बंद आहे, कुठे खोदकाम चालू आहे, कोणते दिवे बंद आहेत ते असतं. मुंबईचे रनवे दरवर्षी पावसाळ्याआधी देखभालीसाठी काही तास बंद ठेवतात, त्याचीही सूचना अशीच येते. नोटॅम वाचायला कंटाळा येतो, मलाही येतो. पण पाठ असलेला रस्ता आज बंद आहे हे तिथे पोचल्यावर कळणं फार वाईट.

क्रॉस-कंट्रीला दुसरीकडे जाणार असाल तर तिथला एटीसी कोणाचा आहे ते पाहून ठेवा. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाभोळी नौदलाचं. तिथे तुमच्या शेजारून काय जाईल याचा नेम नसतो.

२. आपल्या पंखांची रुंदी अंगात मुरवा

सेसना १७२ च्या पंखांचा पसारा सुमारे ११ मीटर आहे, म्हणजे तुमच्या दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच मीटर. आकडा वाचून काही होत नाही. विमान उभं असताना पंखाच्या टोकापासून जमिनीवर खडूने खूण करा आणि कॉकपिटात बसून ती जागा कुठे दिसते ते बघा. पाच मिनिटांचं काम. मी ते शिडीनंतर केलं.

चालवण्याचंही तसंच. योक, म्हणजे समोरचं हातात धरायचं चाक, हे गाडीचं स्टीअरिंग नव्हे. पहिल्या दिवशी प्रत्येक जण तो जीव खाऊन फिरवतो आणि विमान निवांत सरळ जातं. वळवायचं पायांनी. विमान हललं की लगेच, पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये, ब्रेक तपासा. वेग भरभर चालणाऱ्या माणसाइतका ठेवा आणि तो थ्रॉटलने सांभाळा. एका हाताने पॉवर आणि पायाने ब्रेक, असं दोन्ही चालू ठेवलंत तर ब्रेक तापतात आणि नेमक्या वेळी दगा देतात.

जेटवर गेल्यावर हा हिशेब पार बदलतो. शार्कलेट (पंखांची वर वळलेली टोकं) असलेल्या ए३२० चा पसारा ३५.८ मीटर. बऱ्याच मोठ्या विमानांत कॉकपिटातून पंखाचं टोक दिसतच नाही. त्यात पंख मागे कललेले असले की वळताना टोक बाहेरच्या बाजूला अपेक्षेपेक्षा लांब फिरतं. २७ मार्च २०२४ रोजी कोलकात्यात रनवेवर जाण्यासाठी थांबलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाला टॅक्सी करणाऱ्या इंडिगोच्या विमानाचा पंख घासला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला अटलांटात डेल्टाच्या ए३५० च्या पंखाने शेजारच्या टॅक्सीवेवर थांबलेल्या छोट्या सीआरजेची शेपटीच उखडली. २०११ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला एअर फ्रान्सच्या ए३८० ने असंच एक छोटं जेट प्रवाशांसकट गर्रकन फिरवलं होतं.

यातून नवख्याने एक गोष्ट गाठीला बांधावी. पिवळ्या मधल्या रेघेवर चाक आहे म्हणजे पंख मोकळा आहे, असं समजू नये. ती रेघ कायमच्या अडथळ्यांपासून अंतर राखून आखलेली असते. दुसरं विमान होल्डिंग पॉइंटच्या (रनवेआधी थांबायच्या जागेच्या) अलीकडे मागेच थांबलंय की पार्किंगमध्ये अर्धवट घुसलंय, हे रेघेला कळत नाही.

३. सूचना लिहा, म्हणून दाखवा, मगच चाक हलवा

ग्राउंडने, म्हणजे जमिनीवरची वाहतूक बघणाऱ्या नियंत्रकाने, टॅक्सीचा मार्ग सांगितला की तो लिहून घ्या. लिहिताना विमान उभं असू द्या. मग जसाच्या तसा म्हणून दाखवा, विशेषतः रनवेबद्दलचं सगळं: कुठे थांबायचं, कुठे ओलांडायचं, कुठल्या रनवेवर जायचं. “होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सेव्हन” (रनवे २७ च्या अलीकडे थांबा) याला नुसतं “रॉजर” हे उत्तर होत नाही. “रॉजर” म्हणजे ऐकलं. काय ऐकलं ते त्यांना कळायला हवं.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, अपेक्षेचा कान. रोज एकाच रस्त्याने जात असाल तर आजची सूचना वेगळी असली तरी कान रोजचीच ऐकतो. म्हणून लिहायचं.

दुसरा, मिळतीजुळती कॉलसाइन (रेडिओवरची विमानाची नावं). एकाच क्लबच्या विमानांची शेवटची अक्षरं सारखी असली की दुसऱ्याची परवानगी आपली वाटते. वाटलं की विचारा: “कन्फर्म, दॅट वॉज फॉर...” आणि पुढे आपलं पूर्ण नाव.

तिसरा, दोघांनी एकाच वेळी बोलणं. टेनेरिफला नेमक्या क्षणी दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटात नुसती शिट्टी ऐकू गेली. त्या अपघातानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द रेडिओवर फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, अशी शिस्त आली. तुम्हीही “रेडी फॉर टेकऑफ” म्हणू नका, “रेडी फॉर डिपार्चर” म्हणा. परीक्षेत मार्क जातात म्हणून शिकवतात, पण खरं कारण हे.

४. रेघा, पाट्या, दिवे

यावर पुस्तकात चाळीस पानं असतात. सुरुवातीला एवढं पुरे:

- टॅक्सीवेच्या रेघा पिवळ्या, रनवेच्या पांढऱ्या. समोर पांढरं दिसू लागलं की सावध व्हा.
- काळ्या पाटीवर पिवळं अक्षर: तुम्ही आत्ता इथे आहात.
- पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण: अमुक रस्ता तिकडे.
- लाल पाटीवर पांढरं: परवानगीशिवाय पुढे नाही. त्यावर रनवेचे आकडे असतात. डावीकडचा आकडा लिहिलेलं रनवेचं टोक तुमच्या डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे.
- रात्री टॅक्सीवेच्या कडेला निळे दिवे, मधोमध असतील तर हिरवे. रनवेच्या कडेला पांढरे.
- आडवी लाल दिव्यांची ओळ म्हणजे स्टॉप बार. तो लागलेला असताना ओलांडायचा नाही. रेडिओवर परवानगी मिळाली आणि लाल तसाच असेल, तर उभं राहून विचारा.

होल्डिंग पॉइंटची खूण मात्र नीट समजून घ्या. चार पिवळ्या रेघा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेघा तुमच्या बाजूला असतील तर पुढे रनवे आहे, थांबा. तुटक तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही रनवेवरून बाहेर येताय, पार होऊन जा. पार म्हणजे शेपटीसकट. नाकाचं चाक रेघेपलीकडे गेलं की बरेच जण सुटकेचा श्वास टाकून तिथेच थांबतात आणि शेपूट मागे रनवेच्या हद्दीत राहतं.

रेडिओ बंद पडला तर टॉवरकडून दिव्याने खुणा होतात. जमिनीवर असताना स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी करा, लुकलुकता लाल म्हणजे वापरातल्या रनवेच्या भागातून बाहेर व्हा, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालात तिथे परत या.

५. समोरून आला तर उजवीकडे

आपल्या हाडांत मुरलेली सवय इथे उलटी पडते. गावाकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की आपण डावीकडे दबतो. विमानांचा नियम वेगळा आहे. दोन विमानं समोरासमोर आली तर दोघांनी थांबायचं, किंवा जागा असेल तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. पहिल्या महिन्यात माझा पाय दोनदा डाव्या पेडलवर गेलाय.

रस्ते एकमेकांना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. रात्री हे ओळखायला सोपं आहे. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा असतो, उजव्यावर हिरवा, शेपटीला पांढरा. उजवीकडून आडवं येणारं विमान तुम्हाला त्याची डावी बाजू दाखवतं, म्हणजे लाल. लाल दिसला की आपण थांबायचं. लाल-हिरवे दोन्ही दिसत असतील तर ते तोंड तुमच्याकडे करून आहे.

मागून ओलांडून जाणाऱ्याने पुरेसं अंतर ठेवायचं, ती जबाबदारी त्याचीच. उड्डाण करणाऱ्या किंवा करण्याच्या बेतात असलेल्या विमानाला टॅक्सी करणाऱ्याने वाट द्यायची. आणि या सगळ्यावर एटीसीची सूचना. “गिव्ह वे टू द एअरबस फ्रॉम युअर राइट” असं म्हटलं आणि उजवीकडे दोन विमानं दिसत असतील तर कुठलं ते विचारा.

नियमात बसत असलं तरी मोठ्या जेटच्या मागे हलक्या विमानाने चिकटू नये. उभं जेट निघताना इंजिनाला जोर देतं, आणि तो झोत सेसनाला उलथवू शकतो.

६. डोकं वर

टॅक्सी करताना चेकलिस्ट वाचायची नाही, जीपीएस भरायचा नाही, नकाशा उलगडायचा नाही. जे करायचं ते उभं राहून, पार्किंग ब्रेक लावून, आणि ब्रेक लागलाय ना हे बाहेर बघून खात्री करून. ब्रेक ढिला असताना खाली मान घातली की विमान नकळत सरकतं.

दोघं असाल तर वाटून घ्या: एक चालवेल, दुसरा नकाशावर बोट ठेवून प्रत्येक वळण मोठ्याने बोलेल. पण दुसऱ्याला माहीत असेल या भरवशावर राहू नका. ३ डिसेंबर १९९० ला डेट्रॉइटमध्ये धुक्यात नॉर्थवेस्टचं डीसी-९ वाट चुकलं. कॅप्टनची भिस्त सहवैमानिकावर होती, आणि त्यालाही आपण कुठे आहोत हे नक्की ठाऊक नव्हतं. ते चालू रनवेवर गेलं आणि त्याच कंपनीच्या उड्डाण करणाऱ्या ७२७ चा पंख त्याला चिरत गेला. आठ जण गेले.

७. रनवेच्या तोंडाशी

रेघेच्या अलीकडे थांबा. विमान थोडं तिरकं उभं करा, म्हणजे फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) कोण येतंय ते दिसेल. सेसनाचा वरचा पंख वळताना नेमकी तीच बाजू झाकतो. एटीसीने परवानगी दिली असली तरी दोन्हीकडे बघायचं. जिथे एटीसी नाही, तिथे आपण कुठे आहोत आणि काय करणार हे रेडिओवर सांगायचं, आणि समोरून उत्तर नाही म्हणजे कोणी नाही असं धरायचं नाही.

“लाइन अप अँड वेट” म्हणजे रनवेवर जाऊन थांबणं. “टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट” म्हणजे रेघेपर्यंतच. हा फरक झोपेतही चुकू नये. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडावर जपानी तटरक्षक दलाच्या विमानाला नियंत्रकाने तुम्ही ‘नंबर वन’, होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंत या, असं सांगितलं होतं. ते रेघ ओलांडून रनवेवर गेलं आणि सुमारे ४० सेकंद तिथे उभं राहिलं. मागून उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए३५० त्यावर आदळलं. ए३५० मधले सगळे ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच वाचले नाहीत. तुमचा क्रमांक पहिला असणं वेगळं आणि रनवेवर जायची परवानगी वेगळी.

८. वाट चुकलात तर

चुकाल. सगळे चुकतात. पाटीवरचं अक्षर कागदावरच्या अक्षराशी जुळेना की थांबा आणि सांगा: “अनशुअर ऑफ पोझिशन, होल्डिंग.” फक्त रनवेवर असाल तर तिथे थांबू नका. आधी लगेच सांगा आणि जवळच्या वाटेने बाहेर व्हा.

मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ ला एका छोट्या सायटेशन जेटला आर-५ ने जायला सांगितलं होतं. दाट धुक्यात ते आर-६ वर गेलं. वैमानिकाने वाटेत जमिनीवरची एक खूण वाचून कळवली, पण तशी खूण तिथे आहे हेच नियंत्रकाला माहीत नव्हतं. जमिनीवरचं रडारही चालू नव्हतं. सायटेशन रनवेवर शिरलं आणि उड्डाण करणाऱ्या एसएएसच्या एमडी-८७ समोर आलं. ११८ मृत्यू. म्हणून एटीसीला आपण दिसतोय, असं धुक्यात किंवा मुसळधार पावसात कधीच गृहीत धरू नका. तुमचं ठिकाण तुम्ही सांगाल तेवढंच त्यांना कळतं, आणि तुम्ही सांगितलेलं त्यांच्या नकाशात बसतंय का हेही त्यांच्या उत्तरावरून ताडून घ्या.

९. एप्रन आणि पार्किंग

मन उड्डाण संपवून चहाच्या टपरीवर पोचलेलं असतं. इथेच शिड्या, ट्रॉल्या, इंधनाचे टँकर आणि माणसं असतात, आणि फिरता प्रोपेलर डोळ्यांना दिसत नाही.

मार्शलरने (हाताच्या खुणांनी विमान लावून देणाऱ्याने) दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले की थांबायचं. मार्शलर दिसेनासा झाला तरी थांबायचं. तो हाताने बोलावतोय पण पंख लागेल असं तुम्हाला वाटतंय, तरी थांबायचं, कारण परवाना तुमचा आहे. जागा अगदीच अरुंद असेल तर इंजिन बंद करून टो-बार लावून हाताने ढकला. चौघांना हाक मारावी लागते, थोडी थट्टाही होते. बीकन (विमानावरचा लुकलुकता दिवा) इंजिन सुरू करण्याआधी लावायचा आणि प्रोपेलर पूर्ण थांबल्यावरच बंद करायचा. त्यावरूनच जमिनीवरच्या माणसाला कळतं की इथे जवळ जायचं नाही.

१०. धक्का लागलाच तर

जागच्या जागी थांबा, इंजिन बंद करा, एटीसीला सांगा. “उरलेले वीस मीटर जाऊन नीट लावतो” हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. विमान हलवू नका. आधी इंजिनिअर बघेल. किरकोळ वाटणारा तडा आतपर्यंत गेलेला असू शकतो. माझ्या बाबतीत टोकावरच्या दिव्याची वायर आत दबली होती. दुसऱ्या विमानाला लागलं असेल तर त्याच्या वैमानिकाला लगेच कळलं पाहिजे, कारण त्याला कदाचित जाणवलंही नसेल आणि तो उड्डाणाला निघालेला असेल. डीजीसीए (हवाई वाहतुकीची नियामक संस्था) आणि एएआयबीला (अपघात तपासणाऱ्या संस्थेला) काय कळवायचं ते चीफ इन्स्ट्रक्टर ठरवतील. पण त्यांच्यापर्यंत ते तुमच्याकडून, त्याच दिवशी, खरंखरं जायला हवं.

मला तेव्हा एक फॉर्म भरायला दिला. वेळ, वारा, विमानाचा क्रमांक, नुकसान. वैमानिक त्या क्षणी कुठे बघत होता, असा रकाना त्यात नव्हता. चीफ इन्स्ट्रक्टरांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि तेवढंच विचारलं. मी मान खाली घालून वहीत लँडिंगची वेळ लिहीत होतो.